पान एकतीस, ओळ सहा

वैजनाथ सर आमच्या शाळेत आले तेव्हा मी आठवीत होते आणि माझा आवाज वर्गात फक्त हजेरीला निघायचा. तोही अर्धा. 'हजर'मधला 'ह' तोंडातच राहायचा. शेजारी बसणारी अश्विनी म्हणायची, "रोहिणे, तू हजर म्हणतीस का नुसतं 'जर'? जर आले, जर न्हाई आले?"

सर इंग्रजीचे. नगरहून रोज मोटारसायकलवर यायचे. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर 'राँग' हा शब्द लिहिला आणि त्याच्या सुरुवातीच्या डब्ल्यूभोवती खडूने गोल काढला.

"हा म्हणायचा नाही, तरी लिहायचा. का?"

मागून करण म्हणाला, "शोभेला, सर."

सर हसले. म्हणाले, फार पूर्वी तो म्हणायचेसुद्धा. आणि असे डब्ल्यू-आरने सुरू होणारे बरेच शब्द वाकण्या-वळण्याचे आहेत. कपडे पिळायचे ते रिंग. वळतं ते रिस्ट, म्हणजे मनगट. नट पिरगळायचा तो रेंच, आपला पाना. कातडीला सुरकुती पडते ती रिंकल. आणि राँग म्हणजे मुळात वाकडं.

"म्हणजे सर, तिकडंपण वाकडं तेच चूक?"

हे मी विचारलं. मी! सगळा वर्ग मागं वळून बघायला लागला, जणू बाक बोलला होता.

"उभी राहा," सर म्हणाले. "आता हेच सगळ्यांना ऐकू जाईल असं परत विचार."

मी परत विचारलं. त्या दिवशी मी जी बोलायला लागले ती आजपर्यंत थांबलेली नाही. हे मी सरांचं देणं लागते, आणि पुढं जे झालं ते सांगताना हे लपवून ठेवलं तर मीही त्यांच्यासारखीच ठरेन.

नववीच्या दिवाळीच्या सुट्टीआधीच आई-आप्पा कोल्हापूरकडच्या कारखान्यावर ऊसतोडीला गेले आणि मी नेहमीसारखी तिसगावला छगनमामाकडं राहायला आले. मामाचं स्टँडमागं लेथ मशीनचं, म्हणजे लोखंड गोल फिरवून कापायच्या यंत्राचं, दुकान आहे. सरांनी सुट्टीआधी मला स्टाफरूममध्ये बोलावून दोनशे पानी वही दिली होती. वहीत त्यांच्या अक्षरात शब्दांची यादी होती आणि समोर मूळ अर्थ. काही ठिकाणी मूळ अर्थाची जागा कोरीच होती.

"पुस्तक काढतोय," सर म्हणाले. "पिळाचे आणि रेघांचे शब्द. यादी माझी, मांडणी तू कर. आपल्या पोरांना कळेल अशी उदाहरणं घाल. मी नगरचा, मला इथलं काय सुचणार? आत तुझं नाव येईल बरं का."

आत तुझं नाव येईल. हे वाक्य मी त्याच दिवशी फोनवरून आईला सांगितलं. मागं ट्रॅक्टरचा आवाज येत होता, त्यामुळं मला ते तीनदा ओरडून सांगावं लागलं.

"छापील?" आईनं विचारलं.

"छापील!"

"मंग ते पुस्तक मला दाव. मी आल्यावर. कुनाला दिऊ नगं."

मग काय, मी सुटलेच. टॉर्चर, टॉर्क, डिस्टॉर्ट, एक्स्टॉर्ट हे सगळे एकाच लॅटिन शब्दाचे. त्याचा अर्थ पिळणं. सरांनी एवढंच लिहिलं होतं. मी लिहिलं: एक्स्टॉर्ट म्हणजे रस निघून गेल्यावरही चिपाड परत चरकात घालणं. टॉर्च म्हणजे आधी बॅटरी नव्हती, पिळलेल्या चिंध्यांची मशाल होती. टॉर्क, म्हणजे फिरवायला लागणारा जोर, कळायचा असेल तर लेथवर तिढ्यात आलेला बोल्ट सोडवून बघा, हात सांगेल. प्रोफाइल म्हणजे मोबाईलवरचा फोटो नाही, त्यात धाग्याचा शब्द लपलाय. सूत काततात तशी ओढलेली बाजूची रेघ. लाइनसुद्धा मुळात जवसाच्या वाखाचा धागाच, आणि तो खरा वाटत नसेल तर गवंडी भिंतीला काय लावतो ते बघा, सूतच की.

आणि रिस्ट. मनगटावर मी अख्खं पान लिहिलं. मोळी बांधायला दोरी नसते. उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं घ्यायचं, दोन वाढ्यांना पीळ द्यायचा, गाठ मारायची. दिवसाला किती मोळ्या, तितके पीळ. आणि तो पीळ वाढ्यात राहत नाही, मोळीबरोबर गाडीत जात नाही. तो बाईच्या मनगटात राहतो. हे लिहून झाल्यावर मी स्वतःच दोनदा वाचलं. मला वाटलं, हे कुणीतरी मोठ्या माणसानं लिहिलंय.

एके ठिकाणी मात्र मी माती खाल्ली. 'कंटूर' या शब्दापुढं सरांनी मूळ लिहिलं नव्हतं. कंटूर म्हणजे बाहेरची रेघ, आकाराची कड. पण आमच्याकडं कंटूर म्हणजे डोंगरावरचे चर, पाणी अडवायला खणलेले. मी लहान होते तेव्हा आमच्या डोंगरावर ते खणले, आई पाट्या वाहायला होती. खालून बघितलं की चर डोंगराला गुंडाळलेल्या चऱ्हाटासारखे दिसतात. यादीत वरच कंटॉर्ट होता, पिळवटणं. झालं! मी ठोकून दिलं: "कंटूर ही कंटॉर्टची सख्खी बहीण. डोंगराला चर जसा पीळ घालत जातो, तशी आकाराभोवती पीळ घालत जाणारी रेघ म्हणजे कंटूर."

सुट्टी संपली, वही सरांना दिली. डिसेंबरात एकदा मामाच्या दुकानात बसून मी त्याला हे तोंडपाठ म्हणून दाखवत होते. मामा मोटारीचा शाफ्ट कापत होता. त्यानं मशीन बंद केलं.

"काय म्हनलीस? कंटूरला पीळ?"

"व्हय."

"येडी का खुळी तू! मी सोता दोर धरलाय त्या कामावर. कंटूर पीळ न्हाई घेत. ती पातळी धरून चालती. एक बोट वर न्हाई, एक बोट खाली न्हाई. म्हनून तर पानी थांबतं. पीळ घातला आसता तर पैल्याच पावसात पानी चर फोडून तुज्या आज्याच्या वावरात आलं आसतं."

मी त्याचा मोबाईल घेतला आणि बघितलं. मामा बरोबर होता. कंटूरचा कंटॉर्टशी काही संबंध नाही. तो आला इटालियनमधून, आणि त्याच्या मुळाशी पिळणं नाही तर लेथ. लेथवर फिरवून गोल करणं! मी लेथसमोर पोत्यावर बसून ते वाचत होते आणि माझ्या फ्रॉकवर लोखंडाची भुशी पडली होती. मला इतकं हसू आलं की मामा म्हणाला, "हिला पानी द्या कुनीतरी."

दुसऱ्याच दिवशी मी सरांना गाठलं. "सर, कंटूर चुकलाय. पिळण्याचा नाही तो, लेथचा आहे."

"हो हो," सर मोटारसायकलला किक मारत म्हणाले. "प्रूफ आलं की बघू. तुलाच देतो तपासायला."

प्रूफ माझ्याकडं आलंच नाही.

जानेवारीत स्नेहसंमेलनात प्रकाशन ठरलं. ताट घेऊन स्टेजवर जायचं काम मला आणि अश्विनीला. पाचवी अ च्या वर्गात आम्ही साड्या नेसून थांबलो होतो, ताटात चमकीच्या कागदात बांधलेली पाच पुस्तकं. शेजारच्या खोक्यात आणखी पुस्तकं होती. अश्विनीनं एक काढलं.

"बघ की तुजं नाव. कुठंय?"

मुखपृष्ठावर सरांचं नाव. ते ठीकच, मी 'आत' होते. मनोगत उघडलं. मुख्याध्यापिका बाईंचे आभार. छापखान्याचे आभार. टायपिंग करणाऱ्याचे. आमच्या शिपाई पुंजाराम काकांचे, "वेळोवेळी चहा दिल्याबद्दल". पत्नीचे. पूज्य आईचे.

"मागं आसंल," अश्विनी म्हणाली. तिनं मागचं पान बघितलं. मग उलटं धरून झटकलं, जसं काही माझं नाव आत कुठंतरी अडकलंय आणि खाली पडेल.

मी मधली पानं उघडली. चरक, चिंध्यांची मशाल, गवंड्याचं सूत. एक शब्द बदललेला नव्हता. पान एकतीस, ओळ सहा: कंटूर ही कंटॉर्टची सख्खी बहीण.

"आगं, चल," अश्विनी म्हणाली. "नाव पुकारलं."

आम्ही ताट घेऊन गेलो. पाहुणे म्हणून नगरचे एक निवृत्त अधिकारी होते. त्यांनी चमकीचा कागद फाडला, टाळ्या झाल्या, फोटो झाले. आम्हाला स्टेजच्या कडेलाच उभं राहायला सांगितलं होतं. पाहुणे बोलायला उठले. भाषण लांबणार हे त्यांच्या खाकरण्यावरूनच कळलं. त्यांनी पुस्तक उघडलं आणि वाचायला लागले, आणि ते मनगटाचं पान होतं.

"'...तो पीळ बाईच्या मनगटात राहतो. माझ्या आईच्या डाव्या मनगटात मी तो पाहिला आहे.'" पाहुण्यांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे खरंच ओले झाले होते. "मित्रहो, ज्या माउलीनं ऊस तोडून, मोळ्या बांधून या मुलाला प्राध्यापकाच्या तोडीचं शिक्षण दिलं, ती आज इथं आहे असं मला कळलं. मी त्या मनगटाला वंदन करतो."

सरांच्या आई पहिल्या रांगेत होत्या. नगरच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. मोरपंखी सिल्कची साडी, हातात पर्स. त्यांनी सरांकडं बघितलं. सरांनी खाली बघितलं. आणि मग त्या हळूच उठल्या आणि त्यांनी हात जोडले.

काय टाळ्या पडल्या! मागं बसलेल्या आमच्याच गावच्या बाया, ज्यांच्या घरातली अर्धी माणसं तेव्हा फडात होती, त्यासुद्धा वाजवत होत्या.

'माझी आई' हे शब्दसुद्धा काढायचे कष्ट सरांनी घेतले नव्हते. नाव काढलं, आई ठेवली.

मला ओरडायचं होतं, ती माझी आई आहे. पण तेवढं बोलायला तोंड उघडलं आणि वाटलं, मी रडेन, आणि रडले की सगळे म्हणणार पोरीला भरून आलं. म्हणून माझ्या तोंडून दुसरंच निघालं. माईकशिवाय, पण हे मैदानाच्या टोकापर्यंत ऐकू गेलं असं करण नंतर म्हणाला.

"सर, पान एकतीस चुकलंय!"

पाहुणे थांबले. मुख्याध्यापिका बाईंनी मला डोळ्यांनी खाली उतर म्हणून सांगितलं.

"ओळ सहा," मी म्हणाले. "कंटूर कंटॉर्टची बहीण नाही. तो शब्द लेथचा आहे. ती चूक माझी आहे. मी वहीत लिहिली होती. ती माझीच चूक आहे, कारण ती वही..."

पुढं 'माझी आहे' म्हणायचं होतं. तेवढ्यात सर माईकजवळ आले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. खरंच प्रेमानं. हेच मला अजून समजत नाही.

"ही आमची रोहिणी. हुशार मुलगी. हस्तलिखिताची सुवाच्य प्रत हिनं करून दिली. लिहिताना तिची एक चूक झाली आणि बघा, भर सभेत तिनं ती कबूल केली! हा प्रामाणिकपणा आजकाल कुठं बघायला मिळतो? टाळ्या होऊन जाऊ द्या."

टाळ्या झाल्या. सरांच्या आईंना मिळाल्या त्याहून थोड्या कमी, पण झाल्या.

वर्गात परतल्यावर अश्विनी साडीच्या पिना उपटत म्हणाली, "तू आदी आईचं का न्हाई बोललीस? चुकीचं काय घिऊन बसलीस?"

"चूक दाखवली की कळंल वाटलं. दुसऱ्याच्या वहीतली चूक कोन आपली म्हनंल?"

"आता तेवडीच तुजी ऱ्हायली."

सोमवारी मी स्टाफरूममध्ये गेले. सर एकटेच होते, पेपर तपासत.

"सर, तुम्ही म्हणाला होता आत नाव येईल."

"येईल ना. दुसऱ्या आवृत्तीत."

"आणि माझी आई?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे बघ रोहिणी. ते राहून गेलं, खरं आहे. पण तिथं सगळ्यांसमोर मी काय बोलणार होतो? पाहुण्यांना खोटं पाडणार होतो? आणि लॅटिन तुला कुणी शिकवलं? पहिल्या दिवशी उभं कुणी केलं? मी म्हटलं नसतं तर तू आज इथं येऊन मला हे विचारलं तरी असतंस का?"

याचं उत्तर 'नाही' असं होतं. आणि ते खरं होतं. इतका राग मला कधीच आला नव्हता आणि तो मला कुठं ठेवावा कळेना, कारण जिथं ठेवायला जावं तिथं सरच आधी उभे.

"बरं, नाव पाहिजे ना तुला?" सर जरा हसून म्हणाले. "देतो. दुसऱ्या आवृत्तीची वाट नको बघायला."

आठ दिवसांनी छापखान्यातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा आला. बोटभर रुंदीच्या, पिवळ्या कागदाच्या. वर ठळक अक्षरात 'शुद्धिपत्र'. खाली: "पान ३१, ओळ ६ वरील 'कंटूर' या शब्दाच्या व्युत्पत्तीत प्रत तयार करणारी विद्यार्थिनी कुमारी रोहिणी हिच्याकडून चूक झाली आहे. हा शब्द लेथवर फिरवणे या अर्थाच्या मूळ शब्दापासून आला आहे. वाचकांनी दुरुस्त करून घ्यावे."

दुरुस्तीसुद्धा माझीच. शब्दन् शब्द मी सर किक मारत असताना सांगितलेला.

चिठ्ठ्या चिकटवायचं काम नववीच्या मुलींना दिलं. मी गेले नाही. अश्विनी गेली आणि येताना एक प्रत माझ्यासाठी घेऊन आली. "मी ह्यात चिटकवली न्हाई, नुसती ठिवलीय," ती म्हणाली. "तुला फाडायची आसंल तर."

मी फाडली नाही. का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. छापील अक्षरात माझं नाव मी पहिल्यांदाच बघत होते.

गुढीपाडव्यानंतर आई-आप्पा परत आले. आई उन्हानं काळवंडली होती, आवाज बसलेला. आंघोळ करून, डोक्याला फडकं बांधून ती ओट्यावर बसली आणि पहिलंच काय म्हणाली, तर, "आन ते पुस्तक."

मी म्हणाले, शाळेत राहिलं. ती म्हणाली, खोटं नगं बोलू, छगन म्हनला हाय तुज्याकडं. मी आणलं. आई चौथी शिकलेली. वाचते, पण अक्षराला अक्षर लावत, ओठ हलवत. पिवळी चिठ्ठी तिच्या मांडीवर पडली. तिनं ती आधी उचलली.

"कु-मा-री रो-हि-नी." तिचं तोंड असं उजळलं की मला तिथून पळून जावंसं वाटलं. मग ती पुढं वाचत गेली. "हि-च्या-क-डून... चूक..." ती थांबली. परत पहिल्यापासून वाचलं.

"चूक तुजी?"

"व्हय."

"आन बाकीचं?"

मी सगळं सांगितलं. वही, लेथ, पाहुणे, मोरपंखी साडी. मला वाटलं ती म्हणेल उद्या शाळेत येते, सरांना विचारते. किंवा रडेल. किंवा, निदान, मला जवळ घेईल.

ती म्हणाली, "ते मनगटाचं पान काढ."

मी काढून दिलं. तिनं बोट ठेवून वाचलं. बराच वेळ लागला. आप्पा आत झोपले होते, त्यांचं घोरणं ऐकू येत होतं.

"हितं डावं लिवलंय," आई म्हणाली.

"काय?"

"'आईच्या डाव्या मनगटात.'" तिनं दोन्ही हात माझ्यासमोर धरले. डावं मनगट साधं होतं. उजव्याचं हाड अंगठ्याच्या बाजूनं वर आलेलं, आणि हात सरळ धरला तरी सरळ राहत नव्हता, जरासा आतल्या अंगाला वळलेला. "कोयता उजव्यात. पीळ बी उजव्यानंच मारत्यात. डाव्यानं नुसतं धरायचं आसतं."

मी ते पान फडात जाऊन लिहिलं नव्हतं. तिला फोन करून विचारलंही नव्हतं. मामाच्या दुकानात पोत्यावर बसून, सुचलं तसं लिहिलं होतं. 'डाव्या' मला ऐकायला जास्त बरं वाटलं होतं, एवढंच.

"हे सरांनी लिवलं का तू?"

"मी," मी म्हणाले.

आईनं हात मागं घेतले. पुस्तक मिटून तिनं ते मला परत दिलं, चिठ्ठी आत घालून, आणि फडकं सोडून ओले केस पिळायला लागली. उजव्या हातानं जमेना, म्हणून मी उठून तिच्या मागं जाऊन बसले आणि केस हातात घेतले. तिनं केस माझ्या हातातून काढून घेतले आणि डाव्या हातानं पिळत राहिली.